खंबीर नेत्यासाठी अर्धे बाबासाहेब

गेली काही वर्षे मराठी वर्तमानपत्रांच्या संपादकीय पानांवर, वाहिन्यांच्या चर्चांमध्ये आणि व्हॉट्सअॅपच्या गटांवर एकाच साच्यातले लेखन फिरते आहे. मथळा बदलतो, लेखकाचे आडनाव बदलते, मजकूर मात्र तोच. देशाला खंबीर नेता हवा. संसद म्हणजे नुसता गोंधळ. आघाडीचे सरकार म्हणजे ओढाताण. सारख्या निवडणुका, सारखा विरोध, म्हणून विकास अडतो. तेव्हा अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत आणा, एका माणसाला एकदाच निवडा आणि पाच वर्षे त्याला काम करू द्या. लोणावळा-पुणे लोकलमध्ये कान्ह्याला चढणारी, कंत्राटावर कंपनीत जाणारी आमची पोरेही हे मोबाइलवर वाचतात आणि मान डोलावतात. सुपरवायझर, ठेकेदार, तलाठी सगळ्यांकडून टोलवाटोलवी अनुभवलेल्या माणसाला ‘एकच माणूस, एकच निर्णय’ हे गोड वाटणार, यात त्या पोरांचा दोष नाही.

दोष लिहिणाऱ्यांचा आहे. कारण लेखाच्या शेवटी ते हुकमाचा पत्ता टाकतात: “अहो, तुमच्या बाबासाहेबांनाच अध्यक्षीय पद्धत हवी होती! १९४७ सालचे त्यांचे पुस्तक उघडून बघा.”

ज्यांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो १४ एप्रिललाही लागत नाही, त्यांना अचानक बाबासाहेबांचा एवढा पुळका का यावा? आम्ही ते पुस्तक उघडले आहे. तेव्हा अर्धे न सांगता पूर्ण सांगू.

१९४७ चे पूर्ण पान

पुस्तकाचे नाव ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’. ऑल इंडिया शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी बाबासाहेबांनी तयार केलेले हे निवेदन. इंग्लंडच्या धर्तीचे मंत्रिमंडळ भारताला चालणार नाही, असे त्यांनी त्यात लिहिले, हे शंभर टक्के खरे. विधिमंडळाच्या साध्या मतदानाने पडणार नाही, मुदत संपेपर्यंत टिकेल असे कार्यकारी मंडळ त्यांनी सुचवले, हेही खरे. उजवे लेखक इथे पूर्णविराम देतात.

पण बाबासाहेबांनी तिथे पूर्णविराम दिलेला नाही. इंग्लंडची पद्धत इथे का नको, याचे कारण ते सांगतात. इंग्लंडमध्ये बहुमत राजकीय असते. ते मतांनुसार बनते आणि मोडते. भारतात बहुमत जन्माने ठरलेले असते. ते जमातीचे बहुमत असते, ते बदलत नाही. अशा देशात इंग्लंडसारखे मंत्रिमंडळ म्हणजे एका जमातीच्या हातात कायमची सत्ता. म्हणून त्यांची योजना अशी: पंतप्रधान संपूर्ण सभागृहाने निवडावा. मंत्रिमंडळातले अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या अल्पसंख्याक समाजाच्या सभासदांनीच निवडावेत. आणि बहुसंख्याकांचे मंत्री मात्र संपूर्ण सभागृहाने, म्हणजे अल्पसंख्याकांच्याही मतांनी निवडावेत.

वाचकहो, शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. बहुसंख्य समाजाच्या मंत्र्याला दलितांचे, मुसलमानांचे मत मागायला जावे लागेल, अशी ही तरतूद आहे. स्थिर मुदत होती ती अशा सर्वांनी मिळून निवडलेल्या मंडळाला. खंबीर नेत्याला ती नव्हती. बहुमताच्या लाटेवर आलेल्या एका माणसाला कोणी हात लावू नये, यासाठी तर नव्हतीच नव्हती.

आणि पुस्तक घ्यायचेच असेल तर सगळे घ्या ना! त्याच पुस्तकात मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे करा असे आहे. विमा सरकारचा करा असे आहे. शेतजमीन सरकारने ताब्यात घेऊन, जातपात न बघता गावकऱ्यांच्या गटांना सामूहिक शेतीसाठी द्यावी, असेही स्पष्ट लिहिले आहे. आमच्या मावळात एक्स्प्रेस-वेच्या दोन्ही अंगांना फार्महाउस आणि प्लॉटिंग करून बसलेल्या मंडळींना बाबासाहेबांचे हे पान कोणी वाचून दाखवील का? अध्यक्षीय पद्धतीचे पान तेवढे बाबासाहेबांचे आणि जमिनीचे पान कोणाचे?

१९४८ चा रोजचा हिशेब

पुढच्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधानाचा मसुदा सभागृहापुढे मांडला आणि त्यात संसदीय पद्धत होती. मधल्या काळात काय झाले? अल्पसंख्याकांनी आपले मंत्री आपण निवडायचे ही योजना संविधानात आली नाही. स्वतंत्र मतदारसंघही आले नाहीत. म्हणजे स्थिर मुदतीच्या बदल्यात दुबळ्यांना जे संरक्षण मिळणार होते, तेच उरले नाही. माझ्या मते त्या परिस्थितीत दुबळ्यांच्या हाती एकच हत्यार शिल्लक होते: सत्तेवर बसलेल्याला रोज जाब विचारण्याचे.

त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी फार साधी मांडणी केली. लोकशाहीतल्या कार्यकारी सत्तेत दोन गुण हवेत, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त आणि जबाबदारी कमी. इंग्लंडच्या पद्धतीत जबाबदारी जास्त आणि स्थैर्य कमी. अमेरिकेत सत्ताधाऱ्याचा हिशेब मुदतीने होतो. संसदीय पद्धतीत तो मुदतीने होतो आणि रोजही होतो. प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना, अविश्वास ठराव, अभिभाषणावरची चर्चा, ही सगळी रोजच्या हिशेबाची साधने आहेत. आणि मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला जास्त किंमत दिली आहे, असे त्यांनी उघड सांगितले.

१९४७ चे आणि १९४८ चे बाबासाहेब एकमेकांच्या विरोधात उभे आहेत, असे दाखवण्याचा खटाटोप चालतो. मला तर दोन्हीकडे एकच माणूस दिसतो आणि त्याचा प्रश्नही एकच: राज्य करणारा कोणाला बांधील आहे? १९४७ मध्ये त्यांनी त्याला निवडीच्या वेळी अल्पसंख्याकांच्या मताने बांधले. १९४८ मध्ये त्याला रोजच्या जाबाने बांधले. मोकळा त्याला कधीच सोडला नाही. २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत संविधान जाळण्याची भाषा त्यांनी केली, तेही हे लोक मोठ्या चवीने सांगतात. ती चर्चा आंध्र राज्याच्या विधेयकावर होती आणि बाबासाहेबांची तळमळ पुन्हा तीच होती, मोठ्या समाजापासून लहान समाजाला संरक्षण कोण देणार? तिथेही अर्धेच वाक्य उचलले गेले.

रोजचा जाब म्हणजे काय, हे मावळच्या माणसाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या विरोधात शेतकरी बौरजवळ एक्स्प्रेस-वेवर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन जण गेले, त्यात एक बाई होती. राज्यात सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचे होते, विरोधात भाजप-शिवसेना होते. विरोधकांनी तेव्हा सरकारला धारेवर धरले, आणि ते अगदी योग्य केले. न्यायालयीन चौकशी नेमावी लागली. जलवाहिनीचे काम वर्षानुवर्षे थांबून राहिले. तेव्हा विरोधी बाकांवरून ओरडणाऱ्यांना कोणी ‘विकासात अडथळे आणणारे’ म्हणाले असते तर त्यांना कसे वाटले असते? आज सत्ता आली, बाके बदलली, तर लगेच सभागृहातला आवाज ‘गोंधळ’ कसा झाला?

एका खुर्चीचे गणित

आता गणित मांडू. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के, अनुसूचित जमाती ८.६ टक्के. बौद्ध तर देशाच्या लोकसंख्येत एक टक्काही नाहीत. गावाच्या कडेला आणि शहराच्या वस्तीत विखुरलेला हा समाज. साऱ्या देशात मिळून एकच खुर्ची निवडायची असेल, तर ही विखुरलेली मते कोणाच्या खिजगणतीत? मंत्रिमंडळात निदान वाटा मागता येतो. खुर्ची एकच असेल तर वाटा कशाचा मागणार?

लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ आणि जमातींसाठी ४७ राखीव जागा आहेत. मिळून १३१. सरकार टिकवायला २७२ लागतात. या १३१ जणांपैकी किती जण खरोखर समाजासाठी बोलतात, हा आपल्या सगळ्यांच्या मनातला कडू प्रश्न आहेच. तरी सरकारचा जीव त्यांच्या हात वर करण्यात अडकलेला असतो, ही त्यांची ताकद. कार्यकारी सत्ता सभागृहावर अवलंबूनच राहिली नाही, तर हे १३१ जण सभागृहात असून नसल्यासारखे होतील.

१७ एप्रिल १९९९ आठवा. अटलबिहारी वाजपेयींचे सरकार एका मताने पडले, २६९ विरुद्ध २७०. त्याच लोकसभेत महाराष्ट्रातून रिपब्लिकन चळवळीचे चार खासदार होते. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले. चौघेही खुल्या मतदारसंघांतून निवडून आलेले. एका मतावर सरकार तरते-बुडते तेव्हा चार मतांना काय मोल असते, हे दिल्लीला त्या दिवशी कळले. उजव्या लेखकांच्या लेखी तो दिवस अस्थैर्याचा काळा दिवस. आमच्या लेखी देशाच्या पंतप्रधानाला प्रत्येक बाकावरच्या माणसाकडे बघावे लागले, तो दिवस.

स्थिर अध्यक्षाला काढायचे झाले तर काय होते, तेही जगाने दाखवले आहे. जुलै २०२२ मध्ये एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. ब्रिटनमध्ये मंत्री एकामागून एक राजीनामे देऊ लागले आणि बोरिस जॉन्सनना पायउतार होणे भाग पडले. काच फुटली नाही, गोळी चालली नाही. श्रीलंकेत १९७८ पासून कार्यकारी अध्यक्ष आहे. तिथे पेट्रोल, औषधे, वीज सगळे संपले तरी गोटाबाया राजपक्षे हलेनात. शेवटी लोकांना अध्यक्षांच्या निवासस्थानात घुसावे लागले, मग ते रातोरात देश सोडून गेले. श्रीलंका बौद्धबहुल देश आहे, हेही आपण बौद्धांनी लक्षात ठेवावे. खंबीर नेत्याने धर्माचे नाव घेतले म्हणून तो जाब द्यायला लागत नाही. आणि अमेरिका? तिथे डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग चालला आणि दोन्हीदा ते सुटले. आजवर एकही अमेरिकी अध्यक्ष महाभियोगाने पदावरून दूर झालेला नाही.

गावातला अध्यक्ष

अध्यक्षीय पद्धत अजून आलेली नाही असे कोणाला वाटत असेल तर त्याने आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन बघावे. २०१७ मध्ये फडणवीस सरकारने सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा कायदा केला. २०२० मध्ये महाविकास आघाडीने तो रद्द केला. २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने तो परत आणला. सदस्य कोणीही येवोत, सरपंच वेगळा. त्याच्यावर अविश्वास आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य हवेत आणि वर ग्रामसभेची मोहोर हवी.

इथे समोरच्या बाजूचे एक म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण ते आपल्याच बायकांच्या अनुभवातून आले आहे. पूर्वी राखीव जागेवर दलित किंवा आदिवासी बाई सरपंच झाली की गावातली बडी घराणी सदस्य फोडून तिच्यावर ठराव आणत. पंधरा ऑगस्टचा झेंडा तिच्या हातून फडकू नये म्हणून आधीच ठराव आणण्याचे प्रकार झाले आहेत. थेट निवडणुकीने आणि कडक अटींनी अशा बाईला थोडा आधार दिला, हे मी नाकारत नाही.

पण त्यातून धडा कोणता घ्यायचा? दुबळ्या माणसाच्या खुर्चीला कुंपण घालणे ही एक गोष्ट. ज्याच्या मागे जात आहे, पैसा आहे, जमीन आहे, त्याच्या खुर्चीला तेच कुंपण घालणे ही दुसरी गोष्ट. १९४७ चे बाबासाहेब पहिली गोष्ट सांगत होते. आजचे लेखक त्यांचे नाव घेऊन दुसरी गोष्ट मागत आहेत. राखीव जागेवरच्या सरपंच बाईला संरक्षण हवे असेल तर तिच्यापुरती तरतूद करा. त्यासाठी खुल्या जागेवरच्या वजनदार सरपंचाला पाच वर्षांचा संस्थानिक करण्याची गरज काय? आमच्या आंदर मावळातल्या कातकरी वस्तीचा नळ, घराखालची जागा, जातीचा दाखला, हे प्रश्न मासिक सभेत मांडणारा एखादा सदस्य असतो. त्याच्या हातवर होण्याला आता पूर्वीइतकी किंमत राहिली नाही. नुकसान कोणाचे झाले?

राष्ट्रपती भवनातला फोटो

अध्यक्षीय पद्धतीची वकिली करणारे हेच लेखक आपल्याला आणखी एक गोष्ट सुनावतात: “आम्ही दलित राष्ट्रपती दिला, आदिवासी महिला राष्ट्रपती दिली, अजून काय हवे?” ‘दिला’ या क्रियापदाकडे लक्ष द्या. देणारा कोण आणि घेणारा कोण?

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्याच भाषणात राष्ट्रपतिपद म्हणजे काय ते सांगून ठेवले आहे. तो राज्याचा प्रमुख आहे, कार्यकारी सत्तेचा नाही. राष्ट्राचे तो प्रतिनिधित्व करतो, राज्य करीत नाही. मग राज्य करण्याची खुर्ची आणि प्रतिनिधित्वाची खुर्ची यांची अदलाबदल करून आम्हाला ‘सत्ता दिली’ असे का सांगता? २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन पंतप्रधानांनी केले. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथे नव्हत्या, त्यांचा संदेश वाचून दाखवला गेला. लोकांनी प्रश्न केला तेव्हा याच लेखकांनी समजावले की राष्ट्रपतिपद नामधारी असते. अहो, निवडणुकीच्या प्रचारात ते पद आदिवासींचा सन्मान असते आणि उद्घाटनाच्या दिवशी नामधारी होते, हे कसे?

आणि नामधारी पदही मान ताठ ठेवून वापरता येते. ते के. आर. नारायणन यांनी दाखवले. देशाचे पहिले दलित राष्ट्रपती. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल सरकारने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस केली, ती त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. तिथे मुख्यमंत्री भाजपचे कल्याणसिंग होते. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने बिहारसाठी तशीच शिफारस केली, तीही त्यांनी परत पाठवली. तिथे राबडीदेवींचे सरकार होते. एकदा भाजपचे सरकार वाचले, एकदा भाजपच्या विरोधकांचे. संविधानाने दिलेला अधिकार त्यांनी पक्ष न बघता वापरला. २७ जानेवारी २०००ला संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात, संविधान बदलाची चर्चा जोरात असताना, संविधानाने आपल्याला निराश केले की आपण संविधानाला, असा प्रश्न त्यांनी सरकारच्या तोंडावर विचारला. बाबासाहेबांनी स्थैर्यापेक्षा जबाबदारीला पसंती दिली होती, याची आठवणही करून दिली. ‘राष्ट्रपतींचे नेतृत्व’ यावर लिहिणाऱ्या किती उजव्या लेखकांना नारायणन आठवतात?

द्रौपदी मुर्मू यांनीही २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनी, सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात तुरुंगात खितपत पडलेल्या गरीब कैद्यांबद्दल मनापासून सांगितले. त्यानंतर काही दिवसांतच जामीन मिळूनही सुटू न शकलेल्या कैद्यांची माहिती न्यायालयाने राज्यांकडून मागवली. बघा, खुर्चीवरचा माणूस बोलला तर फरक पडतो. शपथविधीच्या दिवशी अग्रलेखांचा पाऊस पडला होता. या भाषणावर किती अग्रलेख आले, ते आपणच आठवून पाहा.

दुसरीकडे, माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या अध्यक्षतेखाली २ सप्टेंबर २०२३ रोजी ‘एक देश, एक निवडणूक’ समिती नेमली गेली. १४ मार्च २०२४ रोजी त्यांनी अहवाल राष्ट्रपती मुर्मू यांना सादर केला. दलित माजी राष्ट्रपतींच्या हातून आदिवासी राष्ट्रपतींच्या हातात. फोटो छान आला. दोघांबद्दलही माझ्या मनात आकस नाही. पण त्या फोटोच्या आडून काय पुढे सरकले ते बघितले पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या १२९व्या घटनादुरुस्ती विधेयकात, लोकसभा मध्येच विसर्जित झाली तर नवी निवडणूक फक्त उरलेल्या मुदतीपुरती, अशी तरतूद आहे. म्हणजे सरकार पाडून लोकांकडे जाण्याची किंमत कमी करायची आणि घड्याळाची किंमत वाढवायची. अध्यक्षीय पद्धतीचे नाव न घेता तिच्या दिशेने टाकलेले हे पाऊल आहे. विधेयक संयुक्त समितीकडे गेले आहे, तोवर आपण बोलले पाहिजे.

आणीबाणीचे अश्रू

दर वर्षी २५ जून आला की हेच लेखक आणीबाणीवर अश्रू ढाळतात. ढाळावेत, ती काळी रात्रच होती. पण त्या रात्री नेमके काय झाले? राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी मंत्रिमंडळाचा निर्णय न होताच सही केली. मंत्रिमंडळाला कळले दुसऱ्या दिवशी सकाळी. एकट्या खंबीर नेत्याने निर्णय घेतला, बाकीच्यांनी माना हलवल्या. म्हणूनच १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला. त्या काळात अध्यक्षीय पद्धतीची हवा काँग्रेसमध्येही होती. आपल्या महाराष्ट्रातले वसंत साठे आणि बॅ. अंतुले तिचे मोठे वकील. म्हणजे हा रोग एका पक्षाचा नाही. सत्ता एकहाती आली की प्रत्येकाला संसद अडचणीची वाटते. मग आणीबाणीला शिव्या आणि एकहाती सत्तेला ओव्या, हे एकाच तोंडाने कसे जमते?

यावर एक उत्तर येते: “तुमची संसद तरी कुठे जाब विचारते?” प्रश्न रास्त आहे. पक्षांतरबंदी कायद्याने खासदाराला व्हिपला बांधले आहे. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच झाला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित झाले. सतराव्या लोकसभेला पाच वर्षांत उपाध्यक्ष मिळाला नाही. पण हे कोणी केले? संसदेचे हातपाय बांधायचे आणि मग ती चालत नाही म्हणून तिला घराबाहेर काढायचे, हा कुठला न्याय? छप्पर गळत असेल तर शाकारणी करतात. घर शेजाऱ्याच्या नावावर करून देत नाहीत.

भक्तीचा रस्ता

गोळवलकर गुरुजींना संघराज्य नको होते. एक देश, एक विधिमंडळ, एक कार्यकारी सत्ता हे त्यांचे लेखी मत. त्यामुळे आजच्या लेखांत नवे काही नाही. नवे आहे ते एवढेच की आता त्यावर बाबासाहेबांचे नाव चिकटवले जाते. ज्यांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात, न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या व्याख्यानात विभूतिपूजेवर आसूड ओढला आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला, त्यांचे नाव!

त्या १९४९ च्या भाषणात आणखी एक गोष्ट आहे. संसदेची रीत परकीय आहे, असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी भिक्खू संघाचे उदाहरण दिले. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतदान, हे सगळे नियम संघात होते. संघाने ते तेव्हाच्या राजकीय सभांकडून घेतले असावेत, असे त्यांनी म्हटले. खुद्द तथागतांनी स्वतःचा वारस नेमला नाही. धम्म हाच वारस, असे सांगितले. वज्जी लोक जोवर वारंवार एकत्र जमून विचारविनिमय करतील तोवर त्यांची हानी होणार नाही, हेही त्यांचेच सांगणे. कान्ह्याहून लोकलने पाचव्या स्थानकावर, देहूरोडला, बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी ज्यांची मूर्ती स्थापन केली, ते हे बुद्ध. त्यांच्यापुढे हात जोडणाऱ्यांनी एका माणसाच्या पायाशी आपले स्वातंत्र्य ठेवायचे का?

हा प्रश्न आपल्या चळवळीलाही लागू आहे. आपल्या संघटनांतही ‘साहेब म्हणतील ते’ चालते. वर्षानुवर्षे कार्यकारिणीची बैठक होत नाही, हिशेब मांडला जात नाही, आणि विचारणाऱ्याला फुटीर म्हटले जाते. दिल्लीतल्या एकहाती सत्तेवर बोलायचे आणि आपल्या गटातल्या एकहाती सत्तेवर गप्प बसायचे, हे चालणार नाही.

म्हणून मावळातल्या तरुणांना तीन गोष्टी सांगतो. एक, महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथमालेचा पहिला आणि तेरावा खंड वाचनालयात बसून वाचा. पहिल्यात १९४७ चे निवेदन आहे, तेराव्यात संविधान सभेतली भाषणे. पुढच्या वेळी कोणी अर्धे वाक्य पाठवले की उरलेले अर्धे तिथल्या तिथे उत्तरात टाका. दोन, वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. त्यांना जा, वस्तीवरच्या बायकांना घेऊन जा, लेखी प्रश्न द्या, उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. तीन, विधानसभा आणि लोकसभेतल्या आपल्या प्रतिनिधीने या अधिवेशनात कोणता प्रश्न विचारला, हे त्याला गाठून विचारा. विचारला नसेल तर का नाही, तेही विचारा.

खंबीर व्हायचेच असेल तर प्रश्न विचारणाऱ्याने खंबीर व्हावे.

जय भीम! जय संविधान!